रहस्यकादंबरी आणि थरारकादंबरी: एका खणातल्या दोन जाती

कपाटात नव्याने आलेल्या कादंबऱ्यांत गुन्ह्यांवरच्या कादंबऱ्यांचा भरणा असला, की त्या सगळ्या सहसा एकाच खणात लावल्या जातात, आणि त्यांना वेगळे करायला मलपृष्ठावरचा मजकूरही फारशी मदत करत नाही. प्रत्येकीत एखादा खून असतो, प्रत्येकीत कोणीतरी काहीतरी लपवत असते आणि प्रत्येक कादंबरी एका बैठकीत संपवावी लागेल अशी ग्वाही छापलेली असते. प्रत्यक्षात या खणात दोन निराळ्या जातींचे लेखन शेजारीशेजारी उभे असते: रहस्यकादंबरी आणि थरारकादंबरी. एकीकडून ठेवायच्या अपेक्षा दुसरीकडून ठेवल्या, तर चांगले पुस्तकही फसलेले वाटते. ‘गुन्हेगार कोण ते मला अर्ध्यातच कळले’ ही तक्रार रहस्यकादंबरीबद्दल गंभीर आहे. थरारकादंबरीबद्दल मात्र ती बहुधा तक्रारच नसते.

हा फरक विषयात नाही, आणि समजला जातो तसा केवळ वेगातही नाही. तो प्रश्नाच्या दिशेत आहे. रहस्यकादंबरीतील मुख्य घटना घडून गेलेली असते आणि वाचक तपास करणाऱ्याबरोबर मागे मागे जात तिची जुळणी करतो; थरारकादंबरीत मुख्य घटना अजून घडायची असते आणि ती टळेल की नाही, या काळजीने वाचक पुढे खेचला जातो. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९६६ मध्ये याची नेमकी मांडणी केली होती. त्याच्या मते कोड्याच्या स्वरूपाच्या तपासकथेत एक गुन्ह्याची आणि एक तपासाची अशा दोन कथा असतात, आणि दुसरी सुरू होण्यापूर्वीच पहिली संपलेली असते. म्हणूनच तिथल्या तपासनिसाच्या केसालाही सहसा धक्का लागत नाही, कारण ज्या कथेत धोका होता ती मागे पडलेली असते. थरारकथेत कथन आणि कृती बरोबरीने चालतात, त्यामुळे तिथे नायकासकट कोणाच्याही जिवाची शाश्वती नसते.

यातूनच माहितीच्या वाटपाचा दुसरा फरक निघतो, आणि माझ्या मते दोन्ही प्रकारांचे खरे कसब इथेच दिसते. रहस्यकादंबरीचा लेखक वाचकाला तपासनिसाइतकीच माहिती देतो, पण ती अशा ठिकाणी ठेवतो की तिचे महत्त्व लक्षात येऊ नये. एखाद्या पात्राने चष्मा डाव्या हाताने काढला हे वाक्य जेवणाच्या टेबलावरच्या भांडणात दडवून टाकावे, तसे. त्यामुळे इथे न्याय्यपणाचा प्रश्न येतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये तपासकथेसाठी दहा नियम लिहिले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आला पाहिजे, अमानवी शक्तींचा आधार घेता कामा नये, तपासनिसाला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, अशा स्वरूपाचे. नियमांचा सूर थट्टेचा होता आणि पुढे चांगल्या लेखकांनी ते हौसेने मोडलेही, पण त्यांच्या मुळाशी असलेला करार अजून टिकून आहे: वाचकाला उत्तर शोधता येणे शक्य असले पाहिजे. थरारकादंबरीने असा करार केलेला नसतो. तिथे लेखक वाचकाला अनेकदा पात्रांपेक्षा जास्त माहिती देतो. घरात कोण लपले आहे हे वाचकाला ठाऊक असते, दार उघडणाऱ्याला नसते, आणि सगळा ताण त्या तफावतीवर उभा राहतो.

फ्रेडरिक फॉर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा विषय फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या हत्येचा कट हा आहे. पण द गॉल नोव्हेंबर १९७० मध्ये आपल्या घरी नैसर्गिक कारणाने वारले होते, आणि हे वाचणाऱ्याला आधीच माहीत होते. म्हणजे कट फसणार हे पहिल्या पानापासून उघड आहे. तरीही मारेकऱ्याची पद्धतशीर तयारी आणि पोलिसांचा पाठलाग यांतले अंतर कमी होताना पुस्तक खाली ठेववत नाही. रहस्यकादंबरीचा शेवट असा कोणी आधी सांगून टाकला, तर तिच्यात उरतात ते फक्त कारागिरीचे कौतुक करायला पुन्हा वाचणारे वाचक, आणि तशांची संख्या आपण समजतो तितकी मोठी नसावी.

गुन्हेगाराचे नाव सुरुवातीलाच कळले म्हणजे कादंबरी थरारकथा झाली, असे मात्र नव्हे. आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या कथासंग्रहात आधी गुन्हा आणि गुन्हेगार पूर्ण दाखवून मग तपास सांगण्याची रीत वापरली. तिथे ‘कोणी’ हा प्रश्न गळून पडतो, पण ‘तपासनीस हे कशावरून ओळखणार’ हा प्रश्न उरतो, आणि तो मागे पाहणाराच आहे. उलट पोलिस तपासाची संथ कादंबरी पानागणिक रहस्याच्या बाजूला असते. परंतु दुसरी व्यक्ती बेपत्ता झाली आहे आणि ती अजून जिवंत असू शकते असे कळले, की तीच कादंबरी त्या प्रकरणापासून कूस बदलते.

अलीकडच्या कादंबऱ्या बहुतेक वेळा अशाच मिश्र असतात. दोन काळांत आलटूनपालटून चालणारे कथन, विश्वास ठेवता येणार नाही असा निवेदक आणि मधूनमधून तिरप्या अक्षरांत येणारी निनावी गुन्हेगाराची प्रकरणे ही त्यांची ठरलेली सामग्री झाली आहे. (या तिरप्या प्रकरणांचा आता कंटाळा येतो, हे सांगून टाकलेले बरे.) ती प्रकरणे धोका पुढे सरकवतात म्हणून थरार देतात, आणि नाव लपवतात म्हणून रहस्यही राखतात. अशा वेळी उलगड्याच्या प्रसंगाकडे पाहावे. तिथे आधीच्या बारीकसारीक तपशिलांचा हिशेब दिला जात असेल, तर पुस्तक मुळात रहस्यकादंबरी आहे. गुन्हेगाराचे नाव दोन ओळींत उरकून उरलेली पाने सुटकेच्या झटापटीला दिली असतील, तर ती थरारकादंबरी आहे.

योगायोगाचा निकषही उपयोगी पडतो. नायकाला संकटात लोटणारा योगायोग थरारकादंबरीत सहज खपतो, पण रहस्याची उकल योगायोगाने झाली तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते. वाचण्याची रीतही वेगळी ठेवावी लागते. रहस्यकादंबरी चार-पाच दिवस बाजूला पडली, की कोण कोणाचा नातेवाईक आणि त्या रात्री कोण कुठे होते हे विसरून निम्मी मजा जाते. थरारकादंबरीला अशा खंडाने तितका फटका बसत नाही.

मालिकांच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. जुन्या वळणाच्या रहस्यमालिकेत तपासनीस पुस्तकागणिक फारसा बदलत नाही, म्हणून खणात तिसरा भाग एकटाच आला असला तरी तो निःशंकपणे वाचायला घ्यावा. थरारमालिकेत मात्र पुढच्या भागात कोण हयात आहे एवढ्यावरूनच मागच्या भागाचा शेवट फुटतो, त्यामुळे तिथे पहिला भाग मिळेपर्यंत तिसरा न उघडलेला बरा.