जास्त फी म्हणजे चांगलं कॉलेज?

‘ठाणे-नवी मुंबईत आयटीला जितकी फी जास्त, तितकं प्लेसमेंट चांगलं’ हा फॉरवर्ड दर प्रवेशाच्या मोसमात फिरतो.

खरं तर आपल्याकडे खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी मुख्यतः पगार, इमारत अशा खर्चावरून ठरते, नोकऱ्यांवरून नाही.

गेटवरच्या फ्लेक्सवरचं ‘सर्वोच्च पॅकेज’ बाजूला ठेवा. दहांपैकी एकाला ४० लाख, नऊजणांना ४ लाख मिळाले, तर सरासरी ७.६ लाख दिसते. मधला आकडा मात्र ४ लाखच! म्हणून हा मधला आकडा, म्हणजे मध्यक, विचारा, शाखानिहाय. किती विद्यार्थ्यांपैकी किती लागले, हेही. मानांकन कॉलेजला आहे की तुमच्या शाखेला, तेही तपासा.

मग चार वर्षांचा हिशेब: वर्षाला ५० हजारांचा फरक म्हणजे २ लाख. ठाणे-वाशी लोकलचा पास वेगळा धरा.