सातचा भोंगा आला कुठून

"मी स्मार्टफोन सोडला" असं सांगणारा एखादा तरी हल्ली प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. मीपण गेल्या दिवाळीनंतर बटणांचा साधा फोन घेतला होता, अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी गॅस बुक करायचा होता, बँकेचं काहीतरी ॲपवरच होणार होतं, आणि पोरीच्या शाळेची सहलीची नोटीस ग्रुपवर येऊन पडली होती ती बायकोने वाचून दाखवली, वर "तुझा उपास आणि पारणं मी करायचं का" असंही ऐकवलं. बरोबरच होतं तिचं. त्यावरून मग मोहित्यांचे वडगावचा भोंगा आठवला. सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव, साधारण तीन हजार वस्ती. तिथे संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद, 8:30 ला परत वाजला की चालू. बातमी 2022 ची आहे, पण ही गोष्ट सुरू होते बरीच आधी.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. तेव्हा टीव्ही असायचा चाळीत एकाकडे नाहीतर वाड्यात मालकाकडे, आणि बाकीचे सगळे दारात चपलांचा ढीग करून आत. रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये एशियाडच्या निमित्ताने आलं (गिरणी संपही त्याच वर्षीचा, गिरणगावातले भोंगे त्यानंतर हळूहळू गप्पच झाले, ज्यांच्यावर अख्खी वस्ती घड्याळ लावायची). जानेवारी 1987 मध्ये रामायण लागलं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, लोक टीव्हीला हार घालायचे. तेव्हाही तक्रार व्हायचीच की पोरं अभ्यास करत नाहीत, डोळे बिघडतील वगैरे. पण पडदा एक होता, बघणारे दहा, आणि बटण आजोबांच्या हातात, त्यामुळे बंद करायचं म्हटलं की सगळ्यांचं एकदमच बंद.

फोनचंही तसंच. पत्रिकेवर, अर्जावर नंबरापुढे कंसात पीपी लिहायचे ते आठवतंय का? म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलणारे आपण. काकू जिन्यातून हाक मारणार, आपण पळत जाणार आणि सगळ्यांसमोर बोलणार. मग कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, रात्री उशिरा दर कमी म्हणून जेवून रांग लावायची. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, पण तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, मग आपल्यासारख्यांनी कशाला घ्यायचा? 2003 ला इनकमिंग फुकट झालं आणि मिस कॉल देणाऱ्यांचं राज्य आलं. तरी तो फोन बोलायचाच होता, फार तर सापाचा गेम.

खरा धक्का 5 सप्टेंबर 2016 चा. जिओ आलं, 4जी डेटा सुरुवातीचे महिने चक्क फुकट, आणि 170 दिवसांत 10 कोटी गिऱ्हाईक. त्याआधी एक जीबी महिनाभर तुपासारखा पुरवून वापरणारे आम्ही, अचानक दिवसाला एक जीबी संपवायला लागलो. त्याच वर्षी यूपीआय आलं, नोव्हेंबरात नोटबंदी झाली, आणि भाजीवाल्याच्या गाडीवरसुद्धा हळूहळू क्यूआर कोड लटकला. माझ्या मते घोळ इथे झाला. करमणूक आणि गरज एकाच डब्यात बसली, म्हणजे दारूच्या दुकानातच रेशन मिळायला लागलं तर माणूस दुकान टाळणार कसा!

आणि डब्यातला मालही आता लवकर न संपणारा. खाली सरकवत राहा, पान संपतच नाही ही युक्ती 2006 ची, अझा रास्किन नावाच्या डिझायनरची, त्याला स्वतःला नंतर तिचा पस्तावा झाला. फेसबुकचं लाइक 2009 चं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने 2014 मध्येच मोबाईल-इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांसाठी वेगळं क्लिनिक काढलं होतं, म्हणजे जिओच्याही आधी. आणि 2018 ला ॲपल-गुगलनेच फोनमध्ये किती तास बघितलं ते दाखवायची सोय दिली. मी तो आकडा बघतो, वाईट वाटून घेतो आणि परत स्क्रोल करतो.

तरी पोरांच्या हातात फोन सरळसरळ द्यायची वेळ आली ती मार्च 2020 ला, लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा. आदल्या वर्षीपर्यंत "फोन ठेव आणि अभ्यासाला बस" म्हणणारे आईबाप "फोन घे आणि अभ्यासाला बस" म्हणायला लागले. सिंधुदुर्गात एका मुलीने रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी टाकून अभ्यास केला. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी कर्ज काढून घेतला. शाळा उघडझाप करत 2022 ला नीट भरल्या तेव्हा वडगावच्या शिक्षकांना दिसलं की पोरांना लिहायचा-वाचायचा कंटाळा, सगळं लक्ष मोबाईलात.

मग सरपंच विजय मोहित्यांनी विषय काढला, पुरुष मंडळी आधी हसली म्हणे, पण महिलांच्या ग्रामसभेत ठरलं आणि 15 ऑगस्ट 2022 पासून भोंगा सुरू झाला. सुरुवातीला आशाताई, ग्रामपंचायतीची माणसं, निवृत्त शिक्षक दारोदार फिरून सांगायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सीने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीच केली, दंडाच्या भाषेसकट. मला वडगावचं जास्त पटतं, कारण तिथे फोन कुणी काढून घेतला नाही, वेळ ठरवली, आणि ती सगळ्यांची, बापाचीसुद्धा. बाप सोफ्यावर रील बघतोय आणि पोरगं म्हणे अभ्यास करतंय, हे कुठल्या घरात चाललंय?

आमच्या सोसायटीत भोंगा बसवा म्हटलं तर मीटिंगच व्हॉट्सॲपवर होईल. म्हणून आम्ही घरापुरतं केलंय, सातला कुकर लावला की तिघांचे फोन फ्रिजवरच्या टोपलीत, आठपर्यंत. महिना झाला, बरं चाललंय, फक्त शाळा गृहपाठ ग्रुपवर टाकते तो बरोब्बर साडेसातला.