डिजिटल मिक्सरवरचे फेडर आपोआप का हलतात, आणि आम्ही क्रमपत्रिका आधी का मागतो

(स्नेहसंमेलन, ऑर्केस्ट्रा, नाटक, भजन किंवा संगीत-संध्येसाठी आमच्याकडून साउंड नेणाऱ्यांसाठी)

मोठ्या कार्यक्रमांना आम्ही आता डिजिटल मिक्सरच लावतो. तो पहिल्यांदा जवळून बघणाऱ्या कार्यकर्त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ओ, ते फेडर आपोआप पळायलेत की! बिघडलं का काय?" बिघडलेलं नसतं. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी; त्याखाली मोटर असते आणि तिचं ते कामच आहे.

जुन्या ॲनालॉग मिक्सरवर जितके चॅनेल (एका माइकची किंवा वाद्याची वाट म्हणजे एक चॅनेल) तितके फेडर. बत्तीस चॅनेलचा मिक्सर म्हणजे अख्खं टेबल. डिजिटलमध्ये हे बदललं. २०१२ साली आलेला आणि गावोगावच्या साउंडवाल्यांकडे दिसणारा बेहरिंगर एक्स३२ घ्या. त्याला ३२ माइक जोडता येतात, पण फेडर २५. डावीकडे १६, त्याच्या उजवीकडे ८ आणि शेवटी मुख्य आवाजाचा एक. डावीकडच्या १६ फेडरवर आधी १ ते १६ चॅनेल असतात. बटण दाबलं की त्याच फेडरवर १७ ते ३२ येतात. यालाच लेयर म्हणतात. लेयर बदलला की प्रत्येक फेडर नव्या चॅनेलच्या जागेवर जाऊन बसतो. समोरून गेलेले चॅनेल बंद पडत नाहीत, त्यांचा आवाज चालूच राहतो.

धोका इथेच आहे. ढोलकीचा आवाज कमी करायला हात जावा आणि मिक्सर दुसऱ्या लेयरवर असल्यामुळे निवेदिकेचा माइक खाली यावा, हे नवख्या ऑपरेटरच्या हातून सहज होतं. म्हणून प्रत्येक फेडरवरच्या छोट्या पडद्यावर आम्ही नाव आणि रंग टाकतो: गाणारे एका रंगात, तालवाद्यं दुसऱ्या, निवेदन तिसऱ्या. यामाहाच्या क्यूएल किंवा ॲलन अँड हीथच्या एसक्यू मिक्सरवर हवा तो चॅनेल हव्या त्या फेडरवर आणता येतो. त्यावर आम्ही निवेदन, मुख्य गायक आणि गाण्याचा ट्रॅक असे तीन-चार फेडर प्रत्येक लेयरवर त्याच जागी ठेवतो. एक्स३२वर तशी सोय नाही, म्हणून तिथे महत्त्वाचे माइक पहिल्या सोळांत बसवावे लागतात. "कोण कुठल्या माइकवर?" असं आम्ही खोदून विचारतो ते यासाठी. आयत्या वेळी वाढलेला माइक बहुधा मागच्या लेयरवर जातो.

कोरसचे सहा माइक एकेक करून वरखाली करत बसायचं नसतं. ते सहाही एका डीसीएला, म्हणजे सगळ्यांना एकत्र चालवणाऱ्या फेडरला, जोडायचे. एक्स३२वर असे आठ डीसीए आहेत. डीसीएमधून आवाज जात नाही; तो फक्त त्या सहा फेडरांना एकत्र हुकूम देतो. त्यामुळे आवाज कमी केला की त्याचा एकोही तेवढाच उतरतो, कोरस गप्प झाल्यावर मागे नुसता एको घुमत राहत नाही.

आता सीन. या मिक्सरचा खरा फायदा सीनमध्ये आहे आणि गैरसमजही त्याबद्दलच जास्त आहेत. एका क्षणाला मिक्सरवर जे काही लावलेलं असतं, म्हणजे फेडर, म्यूट (कोणता माइक बंद), ईक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल), मॉनिटरला (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्टेजवरच्या स्पीकरला) जाणारा आवाज, ते सगळं नाव देऊन साठवता येतं. एक्स३२मध्ये असे १०० सीन मावतात, यामाहाच्या क्यूएलमध्ये ३००. पुढचा आयटम आला की बटण दाबायचं आणि सगळं जागेवर. "मग ऑपरेटरची काय गरज?" असं काहीजण गमतीनं विचारतात, भाडं ठरवताना मात्र गंभीरपणे.

गरज आहे. दुपारी तीन वाजता सोलापूरच्या रिकाम्या हुतात्मा स्मृती मंदिरात लावलेला आवाज संध्याकाळी भरलेल्या सभागृहात तसाच लागत नाही, कारण माणसं आवाज शोषतात. पहिल्या दोन आयटममध्ये ऑपरेटर दुरुस्त्या करतो. मग चौथा सीन उचलला की दुपारचे आकडे परत येतात आणि दुरुस्ती पुसली जाते. माइकचा गेन (मिक्सरमध्ये शिरतानाच आवाज किती वाढवायचा ते) वर गेला तर शिट्टीही वाजते. म्हणून सीन उचलताना कशाला हात लावायचा नाही हे आधीच मिक्सरला सांगून ठेवावं लागतं. यामाहावर त्याला रिकॉल सेफ म्हणतात. एक्स३२वर सेफ आहे, शिवाय निवडक गोष्टीच साठवणारं स्निपेट आहे. आपल्या सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड (नक्षी विणणाऱ्या) मागावर ज्या धाग्यासाठी कार्डाला भोक तोच उचलला जातो, बाकीचे जागेवर राहतात, तसंच हे. आमचा नियम साधा आहे: गेन, मुख्य फेडर आणि निवेदनाचा माइक सीनच्या तावडीत द्यायचा नाही.

नाटक आणि स्नेहसंमेलन यांत आम्ही फरक करतो, तो जरा सविस्तर सांगतो. नाटकाचा क्रम पक्का असतो. तिथे सीन एकामागून एक लावता येतात. पहिल्या प्रवेशात दोघांचेच कॉलर माइक चालू, तिसरं पात्र येताना त्याचाही. विंगेत बसलेल्या नटाचा माइक चुकून चालू राहत नाही. पण यातलं काहीच घड्याळावर चालत नाही. नट पॉज घेतो, हशा लांबतो, त्यामुळे प्रत्येक वेळी बटण माणूसच दाबतो आणि त्यासाठी त्याच्या हातात संहिता लागते. संगीत हळूहळू विरवायचं असेल तर यामाहावर सीनला ६० सेकंदांपर्यंत वेळ लावून फेडर आपोआप उतरवता येतो. एक्स३२वर ते बोटानं करतो, आणि खरं सांगायचं तर बोटानं केलेलंच आम्हाला आवडतं.

स्नेहसंमेलनात छापलेला क्रम शेवटपर्यंत टिकला असं क्वचितच घडतं. पाहुणे उशिरा येतात, सत्कार मध्येच होतो, आणि उघड्या मैदानावर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करायचा असल्यामुळे शेवटचे आयटम गाळले जातात. अशा ठिकाणी एकमेकांवर अवलंबून असलेले सीन लावले आणि मधला एक वगळला, की पुढचं सगळं विस्कटतं. म्हणून तिथे प्रत्येक आयटमचा सीन स्वतंत्र ठेवतो, फक्त कोणते माइक चालू आणि कोणते बंद एवढ्यापुरता, आणि त्याला नंबराऐवजी आयटमचं नाव देतो. बारावा आयटम पाचव्या जागी आला तरी चालतं. त्यासाठी यादी किमान तीन दिवस आधी हवी: आयटमचं नाव, माइक किती, ट्रॅक की वादक. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी पुरे.

गायक मॉनिटरमध्ये आवाज मागतो तेव्हा ऑपरेटर बटण दाबून त्याच फेडरांवर त्या मॉनिटरचं मिश्रण आणतो. तेवढा वेळ फेडर समोरच्या बॉक्सचे (प्रेक्षकांकडच्या स्पीकरचे) नसतात. नेमकं तेव्हाच कोणी खांद्यावर हात ठेवून "जरा आवाज वाढवा की" म्हणालं, तर वाढतो तो गायकाच्या पायाशी. दोन मिनिटं थांबा.

टॅबलेटवरूनही मिक्सर चालतो. साउंड चेकला आम्ही तो वापरतो, पण गर्दीत शेकडो फोन असताना वायफायचा भरवसा धरत नाही. कार्यक्रमात हात मिक्सरवरच.

तुमच्याकडून जागेची सोय एवढीच हवी: टेबल प्रेक्षकांच्या बाजूला, स्टेजसमोर, विंगेतून बॉक्सचा आवाज कळत नाही. उन्हाळ्यात दुपारी साउंड चेक असेल तर डोक्यावर कापड लागतंच, एक तर यंत्र तापतं आणि दुसरं, उन्हात पडदा वाचता येत नाही. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद पडला तर तो पुन्हा उठायला वेळ घेतो, म्हणून मिक्सरला यूपीएस आम्हीच लावतो; त्या सॉकेटवर कृपया फोनचे चार्जर लावू नका.

तुमचा स्वतःचा ऑपरेटर पेनड्राइव्हवर सीन घेऊन येणार असेल तर मिक्सरचं मॉडेल बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. एका कंपनीची फाइल दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर उघडत नाही. एक्स३२ची मायडास एम३२वर चालते, आणि यामाहाच्या मिक्सरांत आपापसांत फाइल बदलून घेण्याचं सॉफ्टवेअर मिळतं. सीन लावण्याचे वेगळे पैसे नाहीत. रंगीत तालमीला ऑपरेटर हवा असेल तर त्याचं त्या दिवसाचं मानधन द्यावं लागेल.