गिअर अडतोय? आधी डावा पाय बघा

“क्लच प्लेट बदलून वर्ष झालं नाही अन् परत पिकअप गेला. माल डुप्लिकेट टाकला का?” हे आम्हा गॅरेजवाल्यांना सारखं ऐकावं लागतं, म्हणून हे माहितीपत्रक. काढलेली प्लेट आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात देतो ती याचसाठी. वापरून झिजलेली प्लेट नुसती पातळ होते. जळालेली काळी पडते, तिला करपट वास येतो आणि प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या चकतीवर) निळे डाग दिसतात. वर्षाच्या आत परत येणारी प्लेट बहुतेक वेळा जळालेलीच निघते.

बहुतेक वेळा कारण हेच: गिअर टाकून झाला तरी डावा पाय पेडलवरच असतो. “दाबत नाही हो, नुसता ठेवतो,” असं सगळेच म्हणतात. पण नुसत्या पायाच्या वजनानंही क्लचची पकड थोडी सुटते. प्लेट पूर्ण पकडत नाही, घसरत राहते, तापते आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) विनाकारण फिरत राहतं. त्याहून वाईट प्रकार मांजरसुंब्याच्या घाटात. ऊस हंगामात पुढं ट्रॉली अडकली की मागची गाडी ब्रेक न लावता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, तोलून धरायची. दोन-चार मिनिटांत गाडीत वास भरतो. तिथं हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय खाली घ्या. निघताना पहिला टाका, क्लच हळू सोडा, गाडी पुढं ओढ घेते असं वाटलं की थोडी रेस देत हँडब्रेक सोडा. गाडी मागं येत नाही.

आता गिअर टाकण्याबद्दल. एक्सिलेटरवरून पाय उचला, क्लच तळापर्यंत दाबा. अर्धा दाबून गिअर ओढला की कर्रर्र होणारच. लिव्हर न्यूट्रलमधून नेताना क्षणभर थांबा, मग पुढं ढकला. आत सिंक्रोनायझर रिंग असते. पळत्या एसटीत चढणारा आधी चार पावलं तिच्याबरोबर पळतो, तसं ही रिंग शाफ्ट आणि गिअर या दोन्ही भागांचा वेग जुळवते. तिला तेवढा वेळ द्या, लिव्हर बोटांनी जाते. मनगटाचा जोर लावणाऱ्यांच्या गिअरबॉक्सचं काम आमच्याकडंच येतं, तरी सांगतो, लावू नका. खालचा गिअर टाकताना क्लच सोडण्याआधी जराशी रेस दिली तर झटका बसत नाही. रिव्हर्स मात्र गाडी पूर्ण थांबल्यावरच, क्लच दाबून दोन सेकंदांनी. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ही रिंग नसते. उभ्या गाडीत पहिला पडत नसेल तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून परत दाबा.

लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवू नका, आतले गिअर सरकवणारे फोर्क झिजतात. घाट उतरताना न्यूट्रल तर अजिबात नको. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन जवळपास बंदच करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे बचत शून्य आणि सगळा भार ब्रेकवर.

प्लेट घसरते का, हे घरीच कळतं. मोकळ्या सपाट जागेत, पुढं कोणी नसताना हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा टाका आणि क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक. चालूच राहिलं तर आमच्याकडं या. एकदाच करून बघा, सारखं करू नका.

“फक्त प्लेट टाका, बाकी राहू द्या” असं म्हटलं तर आम्ही नको म्हणतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलतो. बिल वाढवायचा हा धंदा नाही. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच लागते. सहा महिन्यांनी नुसतं बेअरिंग वाजलं तरी तो परत उतरवावाच लागतो, आणि ती मजुरी बेअरिंगपेक्षा महाग पडते.

केबलचा क्लच असेल तर त्याचा प्ले (पेडलची मोकळी हालचाल) आम्ही फुकट बघून देतो, हायड्रॉलिक असेल तर ऑइलची पातळी. काम झाल्यावर आमचा माणूस तुमच्या शेजारी बसून एक चक्कर मारतो, तेव्हा गाडी तुम्हीच चालवा. नव्या प्लेटवर पहिले काही शे किलोमीटर जड ओझं ओढू नका. गाडी सकाळी लवकर आणली तर संध्याकाळी मिळते, दुपारी आणली तर दुसऱ्या दिवशी.