शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करावी का?

‘मोजमापात नॉइज (नको असलेले विद्युत चढउतार) येत असेल, तर केबलची शील्ड, म्हणजे तारांभोवतीचे धातूचे आवरण, जितक्या ठिकाणी अर्थ कराल (जमिनीशी जोडाल) तितके चांगले,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. अर्थिंग धक्क्यापासून वाचवते, त्यामुळे तो पटतोही. परंतु सूक्ष्म व्होल्टेजच्या बाबतीत तो बहुधा उलटा पडतो.

साखर कारखान्याच्या धुराड्यातला के-प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे तापमानानुसार सूक्ष्म व्होल्टेज देणारा सेन्सर, घ्या. एका अंश सेल्सिअसला तो जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देतो. धुराड्याजवळचा आणि कंट्रोल रूमजवळचा अर्थिंगचा खड्डा यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक सहज असू शकतो. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली आणि खड्ड्यात कोणी पाणी ओतले नाही, तर तो आणखी वाढण्याची शक्यता असते. शील्ड दोन्हीकडे जोडली की या फरकामुळे तिच्यातून 50 हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो आणि त्याचा काही अंश सिग्नलमध्ये उतरतो. अवघा 1 मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे 24 अंशांची गफलत!

पडताळा घरचाच आहे. आधी मीटरचे इनपुट तांब्याच्या छोट्या तारेने शॉर्ट करावे. तरीही आकडे नाचत असतील, तर केबलला दोष देण्यात अर्थ नाही. ते स्थिर राहिले, तर सेन्सर जोडून, शील्डचे फक्त एक टोक सोडवून आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहाव्यात. यंत्राच्या सांगाड्याची सुरक्षा-अर्थिंग मात्र कधीही सोडवू नये. ती वेगळी बाब आहे. उच्च रेडिओ वारंवारतेच्या नॉइजसाठी दोन्ही टोकांची जोडणी उपयोगी ठरते, आणि या सल्ल्याचे मूळ कदाचित तिथेच असावे.