बुक क्लब: आधी कॉपीरायटरचा, मग वाचकांचा

बुक क्लबसाठी काही लिहायला घेतलं की आजही आपण कॉपीरायटर (जाहिरातीचा मजकूर लिहिणारे) तेच तीन तुकडे जमवतो, पुस्तक कोणी निवडलं, लेखक माणूस म्हणून कसा आहे आणि आत्ताच जॉइन का व्हायचं. या तिन्हींची घडी नीट बसली ती न्यूयॉर्कमध्ये १९२६ साली, सभासदांना दर महिन्याला पोस्टाने निवडक पुस्तक पाठवणाऱ्या बुक ऑफ द मंथ क्लबमुळे, आणि ती बसवणारे लोक प्राध्यापक वगैरे नव्हते, चक्क जाहिरातवाले होते.

हॅरी शेरमन आणि मॅक्स सॅकहाइम. सॅकहाइमची इंग्रजीतल्या चुकांवरची ती फेमस जाहिरात, 'डू यू मेक धीज मिस्टेक्स इन इंग्लिश?', जवळपास ४० वर्षं चालली. या दोघांनी आधी लिटल लेदर लायब्ररी नावाची चिमुकली पुस्तकं काढली, व्हिटमनच्या चॉकलेटच्या डब्यात शेक्सपिअर घालून विकला (हो, खरंच). पुस्तकं खपली, पण घोळ असा की एकाच पुस्तकाची पोस्टाने विक्री करायची तर जाहिरातीचा खर्चच निघत नाही, आणि पुढच्या पुस्तकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग शेरमनने ठरवलं, पुस्तक विकायचंच नाही, दर महिन्याला घेण्याची सवय विकायची.

पण अनोळखी पुस्तक माणूस न बघता का घेईल? म्हणून पाच जणांचं निवड मंडळ आलं, हेन्री सायडेल कॅन्बी, डोरोथी कॅनफिल्ड फिशर वगैरे नावाजलेली मंडळी. जाहिरातीच्या मजकुराचा सूर असा, की चांगली पुस्तकं वाचायची तुमची इच्छा असतेच हो, पण राहून जातं ना? थोडक्यात गिल्ट ट्रिप, पण अतिशय सभ्य भाषेत. एप्रिल १९२६ मध्ये पहिलं पुस्तक ४,७५० सभासदांना गेलं, वर्ष संपेपर्यंत आकडा ४० हजारांच्या वर.

सुरुवातीला पुस्तकं परतही बरीच यायला लागली. मग कोणतं पुस्तक येणार ते क्लबने आधी कळवायचं आणि नको असेल तर सभासदाने फॉर्म भरून पाठवायचा, नाही पाठवला तर पुस्तक दारात हजर. आळसावर बेतलेलं बिझनेस मॉडेल, दुसरं काय! पुढे बाकीच्यांनी गाण्यांच्या रेकॉर्डपासून सगळं असंच विकलं, आणि १९७३ मध्ये अमेरिकेतल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला की नकार कळवायला निदान १० दिवस तरी द्या.

या आधी कळवण्यासाठीच क्लबचं बुक ऑफ द मंथ क्लब न्यूज हे पत्रक घरोघर जायचं आणि लेखकावरचा लेख तिथे रुळला. मला सगळ्यात आवडतो तो अमेरिकन लेखक सॅलिंजरचा किस्सा. १९५१ मध्ये त्याची कादंबरी 'द कॅचर इन द राय' क्लबने निवडली, आणि सॅलिंजरवर लिहायला घेतलं विल्यम मॅक्सवेलला, जो न्यू यॉर्कर साप्ताहिकातला एडिटर आणि सॅलिंजरचा मित्र. म्हणजे बघा, जाहिरातच, पण दोस्ताच्या आवाजात, त्यात सॅलिंजरच्या मेहनतीची तुलना थेट फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरशी. क्लबने पुस्तकाचं नाव बदलायचं सुचवलं तेव्हा सॅलिंजर म्हणाला, होल्डन कॉलफिल्डला (म्हणजे कादंबरीच्याच नायकाला) ते आवडणार नाही. नंतर तर त्याने कव्हरवरचा स्वतःचा फोटोही काढायला लावला. लेखकाचा चेहरा दाखवून पुस्तक विकायचं तंत्र ऐन भरात असताना असा लेखक पदरी पडणं, कॉपीरायटरचं काय झालं असेल!

आपल्याकडे गोष्ट जरा वेगळ्या वाटेने गेली. मॅजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये 'ललित' सुरू केलं, प्रकाशकाचंच मासिक, पुस्तकांबद्दलचं. सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली' आली ती वाचक चळवळ म्हणून, सभासदांच्या जोरावर दया पवारांच्या 'बलुतं' या आत्मकथनासारखं पुस्तक तिने १९७८ मध्ये काढलं, तिथे लेखकाचं जगणं हाच पुस्तकाचा मजकूर होता, वेगळी ओळख करून द्यायची गरजच काय! आणि 'ललित'मध्ये लोक आधी उघडायचे ते ठणठणपाळ, म्हणजे टोपणनावाने लिहिणारे जयवंत दळवी. प्रकाशकाच्या पैशाने निघणाऱ्या मासिकात बसून हा माणूस लेखक-प्रकाशकांचीच टोपी उडवायचा, आणि त्यासाठी लोक अंकाची वाट बघायचे.