पायथनमध्ये ‘खरं’ ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग) नसतं?

आमच्या यवतमाळकडच्या पोरांना वर्षानुवर्षं हेच ऐकवलं जातं: पायथन म्हणजे नुसती स्क्रिप्टिंगची (छोटी कामं उरकायची) प्रोग्रामिंग भाषा, ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं यांचं एकत्र गाठोडं) शिकायचे तर आधी जावा ही दुसरी भाषा. हे साफ चूक आहे. १९९१ साली पायथन आली तेव्हाच तिच्यात क्लास (ऑब्जेक्टचा साचा) आणि इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने घेणं) होते. जावा आली १९९५ मध्ये. पायथनमध्ये तर साधा ५ हा आकडासुद्धा ऑब्जेक्टच.

काट्यावर आलेली कापसाची गाडी घ्या. क्लासचं नाव ‘गाडी’ (पायथन ३ मध्ये देवनागरी नावही चालतं, बिनधास्त लिहा). भरलेलं वजन ३२ क्विंटल, रिकामं १८. ‘निव्वळ’ ही मेथड (क्लासमध्ये लिहिलेलं काम) ‘सेल्फ’मधून, म्हणजे त्याच गाडीच्या ऑब्जेक्टमधून, दोन्ही वजनं घेते आणि १४ परत देते. मागून दुसरी गाडी आली की नवा ऑब्जेक्ट: वजनं त्याची स्वतःची, मेथड तीच.